मॅगीला कोर्ट, मुलचेऱ्याला पोतं



मी गोदीतला हमाल. मॅट्रिक. पोत्यावरची अक्षरं वाचायची खोड या पाठीनंच लावली. 2022 ला गावी, मुलचेऱ्याला गेलो, तर रेशन दुकानात रिकामं पोतं पडलेलं. त्यावर निळं 'प्लस एफ', खाली बारीक इंग्रजी. मावशीनं विचारलं, "का लिवलं हाय रे बाबू?" वाचलं आणि गप्प झालो. सिकलसेलवाल्यांनी हा लोह घातलेला तांदूळ खाऊ नये! मावशीच्या पोरीला सिकलसेल. तांदूळ सुटा मोजून थैलीत पडलेला. इशारा दुकानात, भात पोरीच्या ताटात.

हा इशारा 2018 च्या सरकारी नियमातला. तरी 2019 च्या प्रायोगिक योजनेत देशातले 15 जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातून कोण? गडचिरोली! जिथं गोंड-माडियांच्या आणि आपल्या बौद्ध वस्त्यांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. 2024 साली सरकार म्हणालं, तज्ज्ञांना धोका दिसत नाही. इशाऱ्याची सक्तीच काढून टाकली.

सुरक्षितता बघणार कोण? अन्न सुरक्षा प्राधिकरण. लोह घाला म्हणून प्रचार करणारं केंद्र कुणाचं? त्याच प्राधिकरणाचं, टाटा ट्रस्टच्या मदतीनं उघडलेलं. साला, पंचही तोच, ढोल वाजवणाराही तोच!

आता मॅगी बघा, जी आपण टपरीवर खातो. जून 2015 ला बंदी आली. कंपनी मुंबई हायकोर्टात गेली. 13 ऑगस्टला कोर्टानं बंदी रद्द केली. कंपनीचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासा, म्हणालं. बरोबर आहे. कायदा असाच पाहिजे. पण नेस्लेच्या शेवयांना जो न्याय, तो मावशीच्या पोरीच्या रक्ताला का नाही? तिचं म्हणणं कुणी ऐकलं? तिच्याजवळ वकील नाही, नुसतं रेशनकार्ड आहे.

आम्ही विज्ञानाचे वैरी नाही. रक्त कमी पडतं ते आमच्याच आयाबहिणींचं. तांदूळ चांगला असेल तर पुरावा मुलचेऱ्याच्या चौकात मराठीत, गोंडीत, बंगालीत वाचून दाखवा. पोरीचं रक्त आधी तपासा. ज्याला नको त्याला साधा तांदूळ द्या.

रेशन भीक नाही, हक्क आहे. आमच्या ताटात काय घातलं हे विचारणं गुन्हा असेल, तर तो गुन्हा आम्ही रोज दोन्ही वेळच्या जेवणाला करू.