उन्हाळ्यातील तान्हे बाळ : पाणी केव्हा, गाईचे दूध केव्हा?

वैशाख लागला की खानदेशातील घराघरांतून एक प्रश्न हमखास उठतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, धुळ्याकडेही दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. मोठी माणसे तासातासाला माठाकडे वळतात. मग पाळण्यातील तीन महिन्यांच्या जिवाचा घसा सुकत नसेल का? आजी पाण्याची वाटी-चमचा घेऊन येतात, सून डॉक्टरांचा शब्द पुढे करते आणि दोघींच्या मध्ये बाळ रडत राहते. आजींची शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे : पहिले सहा महिने बाळाला वरचे पाणी नको, उन्हाळ्यातही नको.

याचे कारण आईच्या दुधातच आहे. त्या दुधाचा सुमारे ८७ ते ८८ टक्के भाग पाणीच असतो. बाळ पाजायला घेतल्यावर प्रारंभी येणारे दूध पातळ असते व ते तहान भागवते. नंतरचे दाट दूध भूक भागवते. म्हणून उकाड्यात बाळ वरचेवर, थोडे थोडे पिऊ लागते. याचा अर्थ ‘आईचे दूध पुरत नाही’ असा घेतला जातो आणि तेथेच गोंधळ सुरू होतो. वास्तविक ते आपली तहान स्वतःच भागवीत असते. उष्ण हवेत निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचा अभ्यास आपल्या देशातच झाला आहे. दिल्लीतील डॉ. एच. पी. एस. सचदेव व त्यांच्या सहकाऱ्यांचे निष्कर्ष १९९१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भर उन्हाळ्यातही अशा बाळांना वरच्या पाण्याची आवश्यकता नसल्याचे त्यातून दिसून आले.

‘पण चमचाभर पाण्याने काय बिघडते?’ असे पुष्कळ जण विचारतात. तान्ह्याचे पोट चिमुकले असते. ते पाण्याने भरले की तेवढे दूध कमी प्यायले जाते. बाळ कमी ओढू लागले की आईचे दूधही हळूहळू कमी होते. शिवाय आपल्याकडे अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही; टाक्या-पिंपांत साठवलेले पाणी दिवसचे दिवस पुरवून वापरावे लागते. असे पाणी मोठ्यांना पचले तरी तान्ह्याला जुलाब लावू शकते. पाणी फार गेले तर रक्तातील क्षाराचे प्रमाण घसरून झटके येण्याचाही धोका असतो, कारण कोवळ्या मूत्रपिंडांना जादा पाणी झपाट्याने बाहेर टाकता येत नाही.

तेव्हा ती पाण्याची वाटी खरोखर बाळंतिणीच्या हाती द्यावी. काही घरांत अजूनही ‘बाळंतिणीला पाणी बाधते’ म्हणून तिला मोजून पाणी दिले जाते. खानदेशच्या उन्हाळ्यात हा नियम क्रूरच म्हणावा लागेल. तिला तहान लागेल तेवढे पाणी, ताक, पातळ वरण अवश्य मिळावे. बाळाचे टोपडे व जाड दुपटे दुपारी काढून ठेवावे, शेकशेगडी बंद करावी. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल तर बाळाला पाणी पुरते आहे असे समजावे. लघवी कमी व गडद झाली, तोंड कोरडे पडले, टाळू खोल गेली, बाळ मलूल होऊन ओढेनासे झाले किंवा ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सहा महिने पूर्ण झाल्यावर गोष्ट बदलते. आपल्या परंपरेतील उष्टावणाचा संस्कार बहुधा याच सुमारास होतो, आणि सुश्रुतसंहितेतही सहाव्या महिन्यात हलके, हितकर अन्न देण्यास सांगितले आहे. आजचे वैद्यकशास्त्र व घरातील जुनी रीत येथे एकमेकींच्या अगदी जवळ येतात, हे आजीआजोबांनी सुनेला आवर्जून सांगावे. मऊ खिचडी, घोटलेले वरण, रावेर-यावलच्या मळ्यातले पिकलेले केळे, यांच्यासोबत उकळून गार केलेले पाणी घोट-दोन घोट द्यावे. दिवसभरात अर्धी ते एक वाटी पाणी पुरे होते. उकाड्यात स्तनपान वाढवावे. पाणी खळखळून उकळावे व पाजायला वाटी-चमचाच वापरावा. घरात आजेसासूंच्या काळचे बोंडले असेल तर ते वापरण्यापूर्वी आतून नीट घासून उकळावे. तोटीत साय चिकटून राहते. बाटली मात्र नकोच.

आता गाईचे दूध. ‘आम्ही तर पाणी घालून गाईच्या दुधावरच पोरे वाढवली’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे, आणि ते खोटे नाही. परंतु त्या काळी किती बालके अशक्त राहिली, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. आईच्या दुधात १०० मिलिलिटरला सुमारे एक ग्रॅम प्रथिने असतात, गाईच्या दुधात तीन ग्रॅमहून अधिक. वासराला वेगाने वाढायचे असते, त्याच्यासाठी ते योग्यच आहे. बाळाच्या मूत्रपिंडांवर मात्र त्यातील प्रथिनांचा व क्षारांचा भार पडतो. त्यात लोह अत्यल्प असते, आणि काही बाळांच्या आतड्यांतून त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्रावही होतो. पाणी घालून हा दोष जात नाही. उष्मांक तेवढे घटतात. म्हशीचे दूध तर स्निग्धांशाने आणखी जड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांच्या सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण पहिल्या वर्षात दुधाने पोट भरून लोहयुक्त अन्नाला जागाच न ठेवणे हे टाळता येण्यासारखे कारण आहे. म्हणून पिण्याचे दूध म्हणून गाई-म्हशीचे दूध वर्ष पूर्ण झाल्यावरच सुरू करावे. त्याआधी खिरीत थोडे दूध किंवा भातात चमचाभर दही चालते.

खरी अडचण वेगळीच असते. कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत मजुरीला आई भल्या सकाळी जाते, आणि चार महिन्यांचे बाळ दिवसभर आजीजवळ असते. अशा घरी ‘फक्त अंगावरचे दूध’ असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. आईने निघण्यापूर्वी पाजावे, हात स्वच्छ धुऊन दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे. उन्हाळ्यात घरातील उकाड्यात ते दोन-तीन तासांपलीकडे ठेवू नये. फ्रिज असेल तर आतल्या बाजूस चोवीस तास राहते. ते विस्तवावर तापवू नये. भांडे कोमट पाण्यात धरावे. एवढ्यावर भागत नसेल किंवा बाळाला आईच नसेल, तर दूध कोणते व किती हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. जळगाव व धुळे येथील शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा सल्ला मिळतो. सहा महिन्यांनंतर आईचे दूध अजिबात मिळत नसलेल्या बाळाला उकळलेले प्राणिज दूध देता येते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. त्यासोबत लोहयुक्त आहार हवाच.

डब्याच्या दुधाबद्दल एक सांगायला हवे. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था १९९१ मध्ये आपल्याच वर्ध्यात स्थापन झाली आणि १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात बंद केली. तरीही कोणी फुकट डबा हाती ठेवला तर तो परत करावा.

बाळाचे वय तीन, सहा, नऊ, बारा व पंधरा महिने झाले की आशाताई घरी येतात. सहाव्या महिन्यानंतर लोहाच्या औषधाविषयी त्यांना अवश्य विचारावे. वर्षानंतर दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या पुढे जाऊ देऊ नये, ते पाणी न घालता उकळून पेल्याने पाजावे, आणि आपल्या बशीतला चहा बाळाच्या ओठांना लावू नये. त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही सुरू ठेवण्यास काहीच हरकत नाही.