यीस्टच्या बातमीला कर्करोगाचे शेपूट कशाला?

देशातील एखाद्या प्रयोगशाळेने यीस्टच्या पेशीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, की बातमीच्या शेवटी एक वाक्य हमखास चिकटवले जाते : कर्करोगावरील उपचारांना यातून दिशा मिळेल. माझा आक्षेप या वाक्याला आहे, कारण त्याला जागा करून देताना मूळ शोधच गळून पडतो. शेपूट वार्ताहर एकटा जोडत नाही. पुष्कळदा ते संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकातूनच आलेले असते.

जे गळते ते काय असते, पाहा. यीस्टमधील काही प्रथिनांच्या टोकाला शर्करा व मेद यांचा ‘जीपीआय’ नावाचा नांगर जोडला जातो. त्याच्या आधारे ती पटलाला धरून राहतात. नांगर बसला नाही किंवा प्रथिनाची घडी चुकली, तर माल आंतर्द्रव्यजालिकेत तुंबतो. आयआरई-१ हे पटलातील प्रथिन ही तुंबलेली अवस्था ओळखते आणि हॅक-१ जनुकाच्या संदेशवाहक आरएनएमधील २५२ अक्षरांचा अडसर कापून काढते. (तेही स्प्लायसिंगच्या नेहमीच्या यंत्रणेविना! पाठ्यपुस्तक पुन्हा उघडावेसे वाटावे, अशी ही गोष्ट.) त्या संदेशातून घडलेले प्रथिन केंद्रकात जाऊन शेकडो जनुके जागी करते : घडी घालणारी, बिघडलेला माल मोडणारी, नांगर घडवणारीसुद्धा. नांगर लागलेले, पण घडी बिघडलेले प्रथिन मात्र बहुधा जालिकेबाहेर नेऊन रिक्तिकेत नष्ट केले जाते.

पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी यांच्या गटांनी १९९३ मध्ये आयआरई-१ ची ही भूमिका स्वतंत्रपणे ओळखली, ती यीस्टमध्येच. जालिकेतील अडचण केंद्रकाला कळते कशी, एवढाच प्रश्न होता. मानवी पेशीत हॅक-१ च्या जागी एक्सबीपी-१ आहे, हे पुढे उमगले.

करदात्याला उपयोग सांगायला नको का? जरूर सांगावा, पण खरा. रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशीत पीआयजी-ए जनुक बिघडले, तर नांगर तयार होत नाही. तांबड्या पेशींवर संरक्षक प्रथिने बसत नाहीत आणि शरीराचीच पूरक-यंत्रणा त्या पेशी फोडते. हा धागा उलगडायला चार वाक्ये लागतात, कर्करोगाचे नाव घ्यायला एक शब्द पुरतो. आळस नेमका तिथे आहे.

२०२०-२१ मध्ये देशाने संशोधनावर सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला. एवढ्या तुटपुंज्या निधीत प्रत्येक प्रकल्पाला आजाराचा बिल्ला लावावासा वाटणे मी समजू शकतो. पण वाचकांनी तो बिल्ला का मिरवावा? विद्यार्थिमित्रहो, अशी बातमी पुढे पाठवण्यापूर्वी तिचे शेवटचे वाक्य खोडा आणि उरलेल्या मजकुरातून शोध समजतो का, ते तपासा. समजत नसेल, तर बातमीखाली तसे स्पष्ट विचारा.