घरकुल मंजूर झाले. आता बांधकाम कोणाला द्यायचे? ‘ठेका’, ‘लायसन्स’ आणि तुमचा हप्ता

प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये २०२८-२९ पर्यंत मुदतवाढ दिली आणि आणखी २ कोटी घरांना मान्यता दिली. महाराष्ट्रात २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात सुमारे २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे देण्यात आली आणि १० लाख लाभार्थ्यांना पहिला हप्ता वितरित झाला. एवढी घरे एकाच वेळी सुरू झाल्यावर गवंड्यांची टंचाई होणे स्वाभाविक आहे. ‘सगळे माझ्यावर सोडा, फक्त पासबुक द्या’ असे सांगणारी माणसेही अशाच वेळी दारात येतात. काही जण ‘सरकारी लायसन्स’ही दाखवतात. त्यांच्याशी व्यवहार करण्यापूर्वी नियम काय सांगतो हे समजून घेऊ.

नियम काय आहे?

या योजनेत घर बांधण्याची जबाबदारी लाभार्थ्याची आहे. राज्य शासनाने घरांसाठी ठेकेदार नेमू नये, तसेच कोणत्याही शासकीय विभागाने किंवा संस्थेने घर बांधून देऊ नये, असे योजनेच्या अंमलबजावणी आराखड्यात स्पष्ट केले आहे. ठेकेदारामार्फत घरे बांधल्याचे आढळल्यास त्या घरांसाठी राज्याला दिलेली रक्कम वसूल करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. ही अट इंदिरा आवास योजनेच्या काळापासून चालत आली आहे. घर कुटुंबाच्या गरजेप्रमाणे व्हावे आणि पैसा कुटुंबाच्या हातून खर्च व्हावा, हा तिच्यामागचा विचार आहे.

गोंधळ शब्दामुळे होतो. परिपत्रकात ‘ठेकेदार’ हा शब्द संपूर्ण काम साहित्यासह अंगावर घेणाऱ्यासाठी येतो. गावात मात्र गवंड्याला फुटावर मजुरी ठरवून देण्यालाही ‘ठेका दिला’ असेच म्हणतात. त्यामुळे काही लाभार्थी गवंडी लावायलाही घाबरतात, तर काही जण पैशांसह सगळे काम दुसऱ्याच्या हाती देतात. साहित्य तुम्ही आणणे, मजुरी ठरवून गवंडी लावणे आणि कामावर स्वतः लक्ष ठेवणे यात काहीही गैर नाही. ‘ही संस्था सरकारने नेमली आहे, घर तिच्याकडूनच बांधावे लागेल’ असे कोणी सांगितले, तर ते योजनेच्या विरुद्ध आहे.

वृद्ध, आजारी किंवा दिव्यांग लाभार्थ्याला स्वतः घर बांधून घेणे शक्य नसेल, तर त्याचे घर गवंडी प्रशिक्षण कार्यक्रमात घेण्याची तरतूद आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे आणि पंचायत समितीकडे लेखी अर्ज द्या.

दाखवलेल्या ‘लायसन्स’चा अर्थ काय?

काही देशांत घर बांधणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे एका कुटुंबाचे छोटे घर बांधणाऱ्यासाठी असा देशव्यापी परवाना नाही. त्यामुळे दाखवलेला कागद नेमका कशाचा आहे ते पाहा:

- सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी: ही शासकीय कामांच्या निविदा भरण्यासाठी असते. तुमच्या घराच्या कामाची हमी तिच्यातून मिळत नाही.
- रेरा नोंदणी: ही विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या प्रकल्पांची असते. स्वतःच्या जागेवरील घरकुलाशी तिचा संबंध नाही.
- जीएसटी क्रमांक: हा कराचा क्रमांक आहे, कौशल्याचा दाखला नाही.
- ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र: हे खरोखर उपयोगी आहे. असे प्रशिक्षित गवंडी गावात आहेत का, याची चौकशी पंचायत समितीत करा.
- विद्युत ठेकेदाराचा परवाना: येथे मात्र परवाना पाहायलाच हवा. वीजजोडणी घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो.

कागदापेक्षा जुने काम अधिक सांगते. त्या गवंड्याने दोन पावसाळ्यांपूर्वी बांधलेली दोन घरे पाहा. स्लॅब गळतो का, भिंतींना तडे गेले आहेत का, आणि काम मध्येच थांबले होते का, हे त्या घरातल्यांना विचारा.

पॅकेजचा मोह का होतो?

याची कारणेही खरी आहेत. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये ही मदत योजना सुरू झाल्यापासून तीच आहे. मुदतवाढ देतानाही ती कायम ठेवली गेली. दरम्यान सिमेंट, सळई आणि मजुरी वाढली. शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून ९० किंवा ९५ दिवसांची अकुशल मजुरी यांची जोड योजनेत आहे. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ५० हजार रुपयांची भर जाहीर केली. त्यातील १५ हजार छतावर सौर यंत्रणा बसविणाऱ्यांसाठी आहेत. घरकुलासाठी ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे धोरणही राज्याने आखले. तरीही अनेकांना पदरचे पैसे घालावे लागतात.

दुसरे कारण स्थलांतराचे. ऊसतोडीला जाणारे कुटुंब दिवाळीनंतर चार-पाच महिने गावात नसते. नियम स्वतः लक्ष ठेवायला सांगतो आणि पोट गाव सोडायला लावते. अशा कुटुंबांनी एकरकमी पॅकेज देण्याऐवजी काम दोन भागांत वाटावे. जाण्यापूर्वी जोत्यापर्यंतचे काम करून हिशेब मिटवावा आणि उरलेले काम परतल्यावर करावे. योजनेत घर मंजुरीपासून १२ महिन्यांत पूर्ण होणे अपेक्षित असल्याने महिन्यांची आखणी आधीच करा.

‘फूट’ नेमका कोणता? आधी ठरवा

मजुरीचे बहुतेक वाद मोजमापावरून होतात. योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट आहे. समजा, आतून १२ फूट रुंद आणि साडेबावीस फूट लांब घर बांधायचे आहे आणि दर फुटाला २५० रुपये ठरला (हा दर केवळ हिशेबासाठी घेतला आहे):

- आतले माप धरल्यास २७० चौरस फूट: ६७,५०० रुपये
- नऊ इंची भिंतींसह बाहेरचे माप धरल्यास ३२४ चौरस फूट: ८१,००० रुपये
- चारही बाजूंना दीड फूट पुढे आलेला स्लॅब धरल्यास ४४५.५ चौरस फूट: १,११,३७५ रुपये

घर तेच आणि दरही तोच, पण फरक जवळपास ४४ हजारांचा. म्हणून दराबरोबर माप कोठून कोठपर्यंत घेणार तेही लिहून घ्या. सेंट्रिंग, गिलावा, कोबा आणि शौचालयाचे काम दरात आहे की वेगळे, हेही त्याच वेळी ठरवा.

कागद एक पानाचा, पण लेखी

गवंड्याशी लेखी करार करा. त्यात दोघांची नावे व पत्ते, घराचे माप, दर, कामांची यादी, साहित्य कोण आणणार, काम पूर्ण करण्याची तारीख आणि पैसे देण्याचे टप्पे असावेत. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. प्रत्येक रक्कम शक्यतो बँकेतून द्या. रोख दिल्यास पावती घ्या.

पैसे झालेल्या कामाचेच द्या. शासन तुम्हाला हप्ते टप्प्याने देते. पाया, जोते, लिंटेल, छत असा टप्पा पूर्ण झाल्याचे जिओ-टॅग छायाचित्र आल्यावर पुढचा हप्ता निघतो (टप्पे राज्यागणिक बदलतात). गवंड्याला पूर्ण रक्कम आधी दिली आणि काम जोत्यावर थांबले, तर पुढचा हप्ताही थांबतो. नुकसान असे दुहेरी होते. उचल द्यावी लागलीच तर थोडी द्या आणि पुढच्या टप्प्यातून ती वळती करा. शेवटची काही रक्कम गिलावा आणि दारे-खिडक्या झाल्यावरच द्या.

स्लॅबनंतर पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, हेही लिहा. पीपीसी सिमेंटच्या कामाला किमान १० दिवस पाणी मिळायला हवे. यात कसूर झाली तर चांगले सिमेंटही वाया जाते.

या वस्तू कोणालाही देऊ नका

- पासबुक, एटीएम कार्ड, पिन किंवा ओटीपी
- सही वा अंगठा केलेली कोरी पैसे काढण्याची पावती
- जॉब कार्ड. रोजगार हमीची मजुरी काम करणाऱ्याच्याच खात्यात जमा होते. ठेकेदाराला ते कार्ड लागण्याचे कारण नाही.

काम अर्धवट सोडल्यास

प्रथम पंचायत समितीतील गृहनिर्माण अभियंत्याला आणि गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा व पोच घ्या. अर्जात काम कोणत्या टप्प्यावर थांबले ते नमूद करा, म्हणजे विलंबाचे कारण नोंदीवर राहील.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत घरबांधणीचा समावेश आहे. त्यामुळे पैसे घेऊन काम सोडणाऱ्या किंवा निकृष्ट काम करणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. व्यवहार ५ लाख रुपयांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. वकील लावणे बंधनकारक नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. करार, पावत्या आणि छायाचित्रे येथे पुरावा ठरतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५. मोफत कायदेशीर मदतीसाठी: १५१००. महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.

थोडक्यात: गवंडी जरूर लावा, पण पैसा आणि देखरेख स्वतःकडे ठेवा. माप लिहून घ्या आणि झालेल्या कामाचेच पैसे द्या. घर तुमच्या नावावर मंजूर झाले आहे. ते अपुरे राहिले तर जाबही तुम्हालाच विचारला जाईल.