थांबविण्याचा अधिकार चालविणाऱ्याच्या हाती नको

रासायनिक कारखान्यात स्फोट झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक कारण हमखास छापून येते : 'तांत्रिक बिघाड.' या दोन शब्दांत मालक सुटतो, व्यवस्थापक सुटतो. अडकतो तो त्या पाळीवरचा ऑपरेटर आणि जीव जातो तो कंत्राटी कामगाराचा. म्हणून हा बिघाड नेमका कशात असतो, हे आपल्या कामगार बांधवांनी समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

मोठ्या कारखान्यात दोन यंत्रणा असतात, निदान असायला हव्यात. पहिली नियंत्रणाची. टाकीतील पातळी, तापमान, दाब ती सतत मोजते आणि व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडून उत्पादन चालू ठेवते. दुसरी यंत्रणा आणीबाणीत कारखाना बंद करणारी. तिला उत्पादनाशी कर्तव्य नाही. ती महिनोन्‌महिने गप्प असते. धोक्याची मर्यादा ओलांडली गेली की मात्र कोणालाही न विचारता ती मालाची आवक तोडते आणि प्लांट ट्रिप करते. वीज गेली तरी तिचा व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर सुरक्षित बाजूला जाईल, अशी त्याची रचना केलेली असते.

या दोन यंत्रणांचे मापक वेगळे, तारा वेगळ्या, व्हॉल्व्ह वेगळे असले पाहिजेत. कारण साधे आहे. ज्या मापकाच्या भरवशावर कारखाना चालतो तोच खोटे बोलू लागला, तर धोका ओळखणार कोण? संविधानाच्या अनुच्छेद ५० मध्ये न्याययंत्रणा कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवण्याचे तत्त्व सांगितले आहे, त्यामागचा विचारही हाच. कारभार करणाऱ्यानेच स्वतःचा न्यायनिवाडा करू नये.

हे तत्त्व मोडले की काय होते? २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एका उंच मनोऱ्यात सुमारे तीन तास द्रव भरत राहिला. मापक मात्र पातळी उतरत असल्याचे दाखवीत होता. इशारा देणारा दुसरा अलार्म वाजलाच नाही आणि आवक आपोआप तोडणारी यंत्रणा तेथे नव्हती. १५ माणसे ठार झाली, १८० जखमी झाली. मेलेले सर्व कंत्राटी कंपन्यांचे होते. ते जवळच्या ट्रेलरमधील कचेऱ्यांत किंवा त्यांच्या आसपास होते.

त्याच वर्षी, ११ डिसेंबरला इंग्लंडमधील बन्सफिल्ड येथे पेट्रोलच्या टाकीचा मापक अडकला. तेथे वेगळा स्विच होता. पण त्याच्या चाचणीच्या दांडीला लावायचे कुलूप लावलेले नव्हते, म्हणून तो निकामी होता. टाकी ओसंडली आणि पहाटे साठा पेटला. म्हणजे यंत्रणा वेगळी असून भागत नाही, ती जिवंत आहे की नाही हे तपासावे लागते.

आणि आमचे भोपाळ? १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून विषारी वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. पाण्याचे फवारे वायूपर्यंत पोहोचले नाहीत. कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरसारख्या वस्त्यांतील गरीब माणसे झोपेतच मेली. याला तांत्रिक बिघाड म्हणायचे काय? नळी काढून ठेवणे आणि शीतयंत्र बंद करणे हे माणसांनी घेतलेले निर्णय होते.

मालक वर्ग म्हणतो, यंत्रणा उगाचच ट्रिप होते, लाखोंचे नुकसान होते. शिवाय प्लांट पुन्हा सुरू करणे हेही जोखमीचेच असते. यात तथ्य आहे. पण त्यावर इलाज आहे. एकाऐवजी तीन मापक बसवा आणि तिघांपैकी दोघांनी धोका सांगितला तरच प्लांट बंद होईल अशी रचना करा. खर्च वाढतो, हे खरे. तो टाळण्यासाठी इंटरलॉक बायपास करून उत्पादन चालू ठेवायचे, ही नफेखोरी आहे. जोखीम कामगाराच्या आणि शेजारच्या वस्तीच्या माथी मारून कमावलेला तो नफा आहे.

तारापूर, महाड, लोटे, डोंबिवली येथील रासायनिक वसाहतींत आपलीच मुले कंत्राटावर राबतात. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोका दिसताच तो कळविण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पण उद्या गेटवरूनच परत पाठविले जाण्याची भीती असलेला कंत्राटी कामगार तोंड कसे उघडणार? म्हणून कामगार संघटनांनी पगारवाढीइतक्याच ठामपणे तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक बायपासची लेखी नोंद व्हावी आणि ती कामगार प्रतिनिधीला पाहता यावी. बंद करणाऱ्या यंत्रणेची चाचणी ठरल्या तारखेला व्हावी. आणि धोका पाहून लाल बटण दाबणाऱ्या कामगारावर, तो कंत्राटी असला तरी, कारवाई होऊ नये.

कारखाना चालविण्याचा अधिकार मालकाकडे आहे. तो थांबविण्याचा अधिकारही त्याच्याच मुठीत राहिला, तर 'तांत्रिक बिघाड' असाच होत राहील.