चावडीवरची भाषा

मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्यांची पुण्यात वाण नाही, मीही त्यातलाच. पण १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या संपादकांची परिभाषा वाचली आणि गप्प झालो. चर्चेची जागा ‘चावडी’. सरावाची ‘धूळपाटी’, जिच्यावर पूर्वी मुले अक्षरे गिरवीत. ठरावीक दुरुस्त्या मुकाट्याने उरकणारी संगणकप्रणाली म्हणजे ‘सांगकाम्या’! (आमच्या आजीलाही हा शब्द कळला असता.)

घोडे अडते ते पुढे. नवख्याचा लेख वगळायची वेळ आली की चावडीची बोली सरते आणि ‘उल्लेखनीयता’ हा कचेरीतला शब्द पुढे येतो. बिचारा अर्थ विचारायलाही धजत नाही. वास्तविक, ‘या विषयावर इतर कुणी, कुठे लिहिले आहे का?’ एवढेच त्याला विचारायचे असते.