वखारवाल्यांच्या भांडणात घर घेणारा

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये एखाद्या नव्या घराचा सांगाडा उभा राहत असताना भिंतीतल्या टू-बाय-फोर लाकडी खांबांकडे नीट पाहावे. त्यावर 'एस-पी-एफ', म्हणजे स्प्रूस-पाइन-फर, असा शिक्का आणि शेजारी गिरणीचा क्रमांक हमखास दिसतो. यातला बराच माल कॅनडाचा असतो. त्यावर अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये एकूण शुल्क सुमारे ३५ टक्क्यांवर नेले आणि ऑक्टोबरात वर आणखी १० टक्के चढवले. समर्थकांचा मुद्दा असा, की कॅनडातली बहुतेक जंगले सरकारी आहेत, उभ्या झाडाचा दर प्रांतिक सरकार ठरवते, म्हणजे ही छुपी सबसिडीच झाली. आक्षेप निराधार नाही. पण ब्रिटिश कोलंबियाने २००४ पासून लिलावांच्या आधारे दर बांधायला घेतले, तरी दोन देशांतले १९८२ पासूनचे भांडण मिटले नाही. तेव्हा हा वाद निव्वळ दर ठरवण्याच्या पद्धतीचा आहे, हे पटत नाही.

तो कोणाचा आहे, हे दोन्ही देशांच्या २००६ च्या लाकूड करारात उघड झाले. तोवर शुल्कापोटी पाच अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम जमा झाली होती. सुमारे चार अब्ज कॅनडाच्या बाजूला परत गेले, एक अब्ज अमेरिकेत राहिले आणि त्यातले निम्मे तक्रारदार अमेरिकन लाकूड उत्पादकांना मिळाले. शुल्काचा जो काही बोजा भावात उतरला, तो उचलणाऱ्या घरमालकाला छदामही नाही! 'आपल्याकडे जंगल काय कमी आहे?' असेही विचारले जाते. कमी नाही, पण दक्षिणेतला पिवळा पाइन जड असतो, वाकतो, म्हणून भिंतींसाठी इकडचे सुतार एस-पी-एफच मागतात. दक्षिणेत गिरण्या वाढल्या हे खरे, मात्र त्यांतल्या कित्येक कॅनफोर आणि वेस्ट फ्रेझर या कॅनडाच्याच कंपन्यांच्या आहेत. बड्यांनी दोन्ही तीरांवर पाय रोवले. शुल्काचा मार बसतो तो ब्रिटिश कोलंबियातल्या छोट्या गिरणीला. घराच्या किमतीत लाकडाचा वाटा अल्प, हा युक्तिवाद नेपरव्हिलसारख्या महाग जमिनीच्या गावात खपून जाईल; स्वस्त जमिनीवर छोटे घर बांधणाऱ्यापुढे तो करून पाहावा.

यावर उपाय शुल्क शून्य करणे हाच नव्हे. २००६ च्या करारात भाव पडला की कॅनडाने निर्यात कर लावायचा आणि भाव चढला की तो उठवायचा, अशी सोय होती. ती २०१५ मध्ये संपली. ती पुन्हा आणावी, पण तेवढ्याने भागणार नाही. अशा शुल्काने ग्राहकाचे किती नुकसान होते, हे तपासण्याची तरतूद कॅनडाच्या कायद्यात आहे. अमेरिकेच्या कायद्यात ती नाही, आणि घर बांधणाऱ्याला तिथे पक्षकार म्हणूनही उभे राहता येत नाही. आधी ती दुरुस्ती व्हावी; मग सबसिडीचा हिशेब खुशाल मांडावा.