आधी तिसरी पिन पाहा

सोलापूर-पुणे महामार्गालगत, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत पसरलेल्या चिंचोळी एमआयडीसीत रसायनं, औषधं, कापड, यंत्रांचे सुटे भाग असं नाना तऱ्हेचं उत्पादन होतं. माल वेगवेगळा असला तरी कामाची एक पद्धत सगळीकडे रुळत चालली आहे. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग पीडीएफमध्ये येतं, ते लॅपटॉपवर उघडलं जातं आणि पेनाने त्याच्यावरच मापं, दुरुस्त्या, सही असं सगळं केलं जातं. हे पेन चांगलं चालतं तोवर कुणाचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. मग एक दिवस सरळ रेघ थरथरायला लागते, टोक टेकलेलं नसताना ठिपका उमटतो, अक्षर अर्ध्यावर तुटतं, कर्सर भलतीकडे उडी मारतो. तासाभराने आपोआप सगळं सुरळीत होतं आणि दुपारी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण पेन बिघडलं असं धरून चालतात आणि नवं मागवतात. माझं म्हणणं असं, की औद्योगिक वसाहतीत लहरी पेनाचा शोध पेनापासून सुरू करू नये. तो चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि अर्थिंगपासून सुरू करावा. त्यात पेनाचे पैसे वाचतात हा लहान फायदा. मोठा फायदा शेडमध्ये काम करणाऱ्या माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

हा विषय किरकोळ वाटत असेल, तर पेनाच्या चुकीने कागदावर काय होतं ते जवळून पाहू. पेन मधूनच संपर्क सोडतं तेव्हा सगळ्यात आधी हरवतं दशांशचिन्ह, कारण पेनाचा सगळ्यात कमी वेळ टेकणारा स्पर्श तोच. २.५ लिहिलेलं २५ होऊन पुढे गेलं, तर मशीनवरच्या कामगाराने काय समजायचं? कापडाच्या बाबतीतही तेच. सोलापूरच्या चादरीवरची, टॉवेलवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. पूर्वी ती चौकटीच्या कागदावर भरत, एकेक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एकेक गाठभेट. आता तीच चौकट पडद्यावर असते. वेलीची तिरकी रेघ काढताना पेन एका चौकटीने जरी सरकलं, तरी तिथे भलताच धागा उचलला जातो, आणि नक्षी पन्ह्यात पुन्हा पुन्हा येते म्हणून चूकही तितक्याच वेळा विणली जाते. विणलेलं कापड खोडता येत नाही.

आता पेन बिथरतं कसं ते समजून घेऊ. लॅपटॉपच्या पेनांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पेनात बॅटरी नसते. पडद्यामागचा बोर्ड विद्युतचुंबकीय लहरी सोडतो, पेनातली तारेची गुंडाळी त्यांना प्रतिसाद देते आणि त्यावरून पेनाची जागा कळते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या वाकोम या जपानी कंपनीने हे तंत्र रूढ केलं. दुसऱ्या प्रकारात पेनात बॅटरी असते, पेनाचं टोक स्वतः बारीकसा विद्युत संकेत सोडतं आणि बोटाचा स्पर्श ओळखणारी काचेखालची अतिसूक्ष्म तारांची जाळीच तो टिपते. आजच्या बहुतेक टचस्क्रीन लॅपटॉपवर हा दुसरा प्रकार असतो. जाळीला जे मोजायचं असतं ते फार क्षीण असतं. आणि लॅपटॉपचा चार्जर २३० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून कमी दाबाचा प्रवाह तयार करतो. त्यातून उच्च वारंवारतेचा गोंगाट निघतो. तीन पिनी चार्जरला तो गोंगाट जमिनीत सोडून द्यायला तिसरी पिन दिलेली असते. त्या पिनेला पुढे जमीनच भेटली नाही, तर लॅपटॉपचा सगळा सांगाडा त्या गोंगाटाबरोबर खालीवर होतो आणि जाळी जे मोजते त्याला स्थिर आधार उरत नाही. चालत्या टेम्पोत तराजू धरून सोनं तोलण्यासारखं ते होतं. तराजू खरा असतो, सोनंही खरं असतं, तरी वजन खोटं येतं.

याची परीक्षा सोपी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. पेंटसारखा साधा प्रोग्राम उघडा, पडद्यावर प्लॅस्टिकची पट्टी तिरकी धरा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढा. हात पट्टीने बांधलेला असतो, म्हणून रेघेत दिसेल ती थरथर हाताची नसते. आधी चार्जर लावून पाच-सहा रेघा, मग चार्जर काढून तशाच पाच-सहा. चार्जरवर लाटा आणि बॅटरीवर सरळ रेघ असा फरक दिसला, तर पेन निर्दोष आहे. मग तोच लॅपटॉप, तोच चार्जर घेऊन ज्या जागेचं अर्थिंग तपासलेलं आहे अशा ठिकाणी रेघा ओढा. तिथे सरळ आल्या, तर दोष आपल्या भिंतीतल्या वायरिंगचा. तिथेही वाकड्या आल्या, तर चार्जर बदलून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल लिहून ठेवायचा, एवढाच नियम. पेन, चार्जर, ड्रायव्हर सगळं एकदम बदलून दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कधीच कळत नाही, आणि परत आला की पहिल्यापासून सुरुवात.

चिंचोळीसारख्या ठिकाणी मी अर्थिंगवर बोट ठेवतो त्याला कारणं आहेत. शेडमध्ये वेल्डिंग चालतं, मोटारींचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह असतात, मोठे कॉन्टॅक्टर पडतात-उठतात. त्या सगळ्यांचा गोंगाट त्याच तारांवरून पुढच्या ऑफिसात येतो. ऑफिसातलं टेबल बहुतेकदा नंतर मांडलेलं असतं, त्यामुळे तिथवर वीज येते ती एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात. स्वस्त बोर्डाला वर तीन भोकं असतात आणि आत दोनच तारा. कुठे तीन पिनी प्लगला दोन पिनी कनेक्टर चढवलेला असतो, तर कुठे प्लगच काढून उघड्या तारा काडीने सॉकेटात खुपसलेल्या असतात. त्याच्या जोडीला इथली जमीन. अर्थिंगचा पाइप किंवा पट्टी जमिनीशी किती चांगली भिडते, हे ओलाव्यावर ठरतं. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, काळी माती आकसून भेगाळते आणि पाइपाभोवतीची पकड सुटते. खालचा मुरूम आणि काळा पाषाण तर मुळातच वीज सहजी वाहू देत नाही. म्हणून तर अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि वरून पाणी सोडायची सोय ठेवतात. पावसाळ्यात चालणारं पेन एप्रिल-मे महिन्यांत बिथरत असेल, तर हा धागा धरून बघायलाच हवा.

यावर पहिला आक्षेप असा, की पेनाला इतर रोग नसतातच का? असतात, आणि ते नाकारून चालणार नाही. पेन आणि पडदा यांना एकाच भाषेत बोलावं लागतं. मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी, वाकोमची वेगळी, आणि २०१५ मध्ये पुढे आलेली यूएसआय ही सामाईक पद्धत आणखी वेगळी. दिसायला सारखं म्हणून दुसऱ्याच पद्धतीचं पेन घेतलं, तर ते चालणारच नाही. बॅटरी उतरली की रेघ तुटते, निब झिजली की दाब चुकीचा मोजला जातो, काचेवर जाड संरक्षक पट्टी असली की संपर्क सुटतो. दुसरा मॉनिटर जोडलेला असेल, तर पेनाची जागा भलत्याच पडद्याशी जुळलेली असू शकते. बॅटरी नसलेल्या पेनांना कव्हरमधलं लोहचुंबकही बिघडवतं, आणि मग पडद्याच्या ठरावीक कोपऱ्यातच रेघ वाकते. कित्येक जण ब्लूटूथ तोडून पुन्हा जोडत बसतात, पण ब्लूटूथ असलेल्या बहुतेक पेनांत ते फक्त बटणांपुरतं असतं, लिहिण्याशी त्याचा संबंध नसतो. फरक ओळखायचा तो दोषाच्या वागण्यावरून. झिजलेली निब चार्जर काढल्यावर सुधारत नाही. चुकीच्या पद्धतीचं पेन सकाळी नीट आणि दुपारी बिघडलेलं असं वागत नाही. अपडेटनंतर आलेला दोष जागा बदलली तरी तसाच राहतो. जागेप्रमाणे, वेळेप्रमाणे आणि चार्जरप्रमाणे जो येतो-जातो, त्याचं मूळ बहुधा पेनाच्या बाहेर असतं. सावकाश ओढलेल्या तिरक्या रेघेत थोडी लाट काही पडद्यांवर नेहमीच दिसते, ती त्या तंत्राची मर्यादा आहे. म्हणूनच चार्जरवरच्या आणि बॅटरीवरच्या रेघांची तुलना महत्त्वाची, एकट्या रेघेवरून निकाल देऊ नये.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा आहे. पेन दोन-चार हजारांत येतं, मग वायरमन बोलावून भिंती कशाला उकरायच्या? दोष पेनात असता तर हा हिशेब बरोबर होता. तो बाहेर असेल तर नवं पेनही तसंच वागणार आणि मग संशय लॅपटॉपवर जाणार. लॅपटॉप पुण्याला सर्व्हिस सेंटरला जाणार, तिथल्या नीट अर्थ केलेल्या टेबलावर तो उत्तम चालणार आणि दोष आढळला नाही असा शेरा घेऊन परत येणार. तो शेरा खोटा नसतो. दोष ज्या खोलीत आहे ती खोली बरोबर पाठवलेली नसते, इतकंच. पंधरा मिनिटांच्या पट्टीच्या परीक्षेने ही सगळी ये-जा टळते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. अर्थिंग नसतं तर मशीनं बंद पडली असती, ती तर चालू आहेत, असं सर्रास म्हटलं जातं. मशीन चालायला अर्थिंग लागतच नाही. फेज आणि न्यूट्रल मिळाले की मोटार फिरते. अर्थिंग लागतं ते काहीतरी बिघडलेल्या दिवसासाठी. आतली तार घासून सांगाड्याला टेकली की प्रवाहाला जमिनीत जायची वाट मिळावी आणि स्विच पडावा, यासाठी ते असतं. अर्थ नसेल, तर ती वाट सांगाड्याला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून जाते. गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवलेला असला, तरी अर्थ नसताना तो बहुधा तेव्हाच पडतो, जेव्हा गळती माणसाच्या अंगातून सुरू होते. म्हणजे जीव वाचला तरी झटका आधी बसतो. तीन पिनी प्लगची अर्थ पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवतात, ती याच विचाराने. लावताना ती आधी भिडावी आणि काढताना शेवटी सुटावी.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. ही पेनाच्या थरथरीची सख्खी बहीण. अर्थ नसेल तेव्हा चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून सांगाड्यावर जवळपास निम्मा दाब, म्हणजे शंभरेक व्होल्ट येतो. प्रवाह फार थोडा असल्याने एकट्या लॅपटॉपने जीव जात नाही, उगाच घाबरायला नको. हेही सांगायला हवं, की बरेच चार्जर मुळातच दोन पिनी असतात. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं आणि ते नियमाला धरूनच असतात. तिथे पेन बिथरलं तर दुसरा चांगला चार्जर लावून पाहावा, नाहीतर बारीक काम बॅटरीवर करावं. पण चार्जर तीन पिनी असूनही झिणझिण्या येत असतील, तर त्या सॉकेटची अर्थ तार कुठेतरी तुटलेली आहे असाच अर्थ घ्यावा. आज त्या सॉकेटला लॅपटॉप आहे. उद्या तिथेच ग्राइंडर किंवा पाण्याचा कूलर लागेल.

मात्र पेन हे मापाचं यंत्र नव्हे, एवढी सावधगिरी इथे हवीच. काही ठिकाणी अर्थची सोय नसली की सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडून देतात. त्याने झिणझिण्या थांबतात, कदाचित पेनही सुधारतं आणि सगळे समाधानी होतात. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, की त्या सॉकेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचा सांगाडा थेट २३० व्होल्टवर जातो. म्हणून पेन सुधारलं म्हणजे अर्थिंग झालं असा निष्कर्ष काढू नये. निकाल अर्थ टेस्टरने, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच घ्यावा. अर्थिंग कसं करावं आणि कसं तपासावं यासाठी आपल्याकडे आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे, त्यावर बोट ठेवून काम मागता येतं.

माझी सूचना छोटी आहे. प्रत्येक शेडच्या मालकाने उन्हाळा तापायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, अर्थिंगच्या प्रत्येक खड्ड्याचं मोजमाप करून घ्यावं आणि आकडा, तारीख खड्ड्याजवळच्या पाटीवर रंगवावी. ऑफिसातल्या टेबलांपर्यंत तीन तारांची स्वतंत्र लाइन आणावी आणि दोन तारांचे बोर्ड कचऱ्यात टाकावेत. आणि ड्रॉइंगच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाने किंवा मुलीने पेन नीट चालत नाही अशी तक्रार केली, तर ती नव्या पेनाची मागणी म्हणून खरेदी विभागाकडे पाठवू नये, आधी मेंटेनन्सकडे पाठवावी. शेडमधल्या सगळ्या यंत्रांत विजेच्या दोषाला सगळ्यात हळवं यंत्र त्या टेबलावर आहे. मोठी मशीनं दोष पोटात घालून चालत राहतात आणि तो एकदम अपघाताच्या दिवशी दाखवतात. पेन तो आधी दाखवतं, आणि या तक्रारीची किंमत एका वाकड्या रेघेपेक्षा जास्त नसते.